राउटर घेताना बूड बघा: ओपन सोर्स फर्मवेअरसाठी घरचा राउटर कसा निवडायचा

पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानात मी राउटरचं खोकं उलटं करून मोबाइलच्या टॉर्चमध्ये त्याच्या बुडावरचा स्टिकर वाचत होतो. "साहेब, चार अँटेना आहेत, वॉरंटी आहे, अजून काय बघताय?" दुकानदाराने विचारलं. "व्हर्जन," मी म्हटलं. त्याने मागच्या फळीवरून आणखी दोन खोकी काढली. तिन्हींवर नाव तेच, चित्र तेच, किंमतही तीच. दोन खोक्यांवर व्हर्जनचा आकडा सारखा होता, तिसऱ्यावर वेगळा. "त्याने काय फरक पडतो?" असं त्याने विचारलं, आणि ते खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.

काही वर्षांपूर्वी मलाही तो फरक माहीत नव्हता. एका नामांकित कंपनीचं एक मॉडेल ओपन सोर्स फर्मवेअरसाठी, म्हणजे कंपनीच्या प्रणालीऐवजी राउटरवर चढवायच्या खुल्या प्रणालीसाठी, उत्तम आहे असं ऐकून मी ते ऑनलाइन मागवलं. घरी आल्यावर खोकं फोडलं, बुडावरचा आकडा वाचला आणि मग शोधायला बसलो. कळलं ते असं, की लोक ज्याची तारीफ करत होते ते आधीचं व्हर्जन होतं. माझ्या हातातल्या व्हर्जनमध्ये चिप बदललेली, मेमरी निम्मी आणि फर्मवेअरचा पत्ता नाही. खोकं फोडलेलं म्हणून परतही घेईनात. तो राउटर आता सासऱ्यांकडे कंपनीच्याच फर्मवेअरवर चालतोय. त्यांची काही तक्रार नाही, पण माझे पैसे गेले ते गेलेच.

हा लेख पहिल्यांदाच असा राउटर घेणाऱ्यांसाठी आहे. फर्मवेअर म्हणून मी ओपनडब्ल्यूआरटी धरून चाललो आहे. दुसरे पर्याय आहेत, त्यांच्याबद्दल पुढे दोन ओळी येतील.

आधी हे नक्की करा: तुम्हाला हे हवंय का?

राउटर म्हणजे एक छोटा संगणकच. त्यात प्रोसेसर, रॅम, साठवणुकीची फ्लॅश मेमरी असते आणि त्यावर चालणारी प्रणाली असते. त्या प्रणालीला फर्मवेअर म्हणतात. कंपनी तिची म्हणून एक प्रणाली घालून देते, दोन-तीन वर्षं तिचे अपडेट देते आणि मग नवं मॉडेल विकायच्या मागे लागते. तुमचा राउटर मात्र भिंतीवर आणखी पाच वर्षं लुकलुकत राहतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेतली क्रॅक नावाची खोट जाहीर झाली. ओपनडब्ल्यूआरटीच्या तेव्हाच्या लेडे या शाखेने दोनच दिवसांत दुरुस्त केलेली आवृत्ती काढली. बाजारातल्या कित्येक स्वस्त राउटरांना तो अपडेट कधीच मिळाला नाही. माझ्या लेखी फर्मवेअर बदलण्याचं पहिलं कारण हेच. बाकीची कारणं हौसेची, पण तीही खरी आहेत. सगळ्या घराला एकदम जाहिरातबंदी लावता येते, पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय काढता येतं, मुलांच्या टॅबला रात्री दहानंतर इंटरनेट बंद करता येतं, बाहेरगावाहून वायरगार्ड या व्हीपीएनने घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे शिरता येतं. आणि घरात कोणी मोठी फाइल चढवत असताना तुमचा व्हिडिओ कॉल अडखळत नाही, यावर मी पुढे सविस्तर येतो.

पण ज्यांना घरचं नेट फक्त चालायला हवंय आणि ज्यांच्याकडे एक निवांत दुपार नाही, त्यांनी या भानगडीत पडू नये. हे मी मनापासून सांगतो. यात वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी लागते आणि काही बिघडलं तर तक्रार ऐकायला आपल्याशिवाय कोणी नसतं.

व्हर्जनचा खेळ जुना आहे

ओपनडब्ल्यूआरटी या नावातलं डब्ल्यूआरटी आलं कुठून? लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरवरून. २००२ च्या अखेरीस तो आला. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की त्याच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्स जीपीएल परवान्याखाली येतं, म्हणजे ते घालून वस्तू विकणाऱ्याला स्रोत, म्हणजे सोर्स कोड, खुला करावा लागतो. लोकांनी तगादा लावला, कंपनीने स्रोत दिला आणि त्यावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं.

पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे. २००५ मध्ये त्याच राउटरचं पाचवं व्हर्जन आलं. नाव तेच, चेहरा तोच. आत मात्र फ्लॅश चारवरून दोन एमबी, रॅम सोळावरून आठ एमबी, आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स नावाची बंदिस्त प्रणाली. लिनक्सवाल्यांसाठी कंपनीने शेवटी एल हे अक्षर जोडून वेगळं मॉडेल काढलं, डब्ल्यूआरटी५४जीएल. तपकीर गल्लीतली ती तीन खोकी याच वंशातली.

आणखी एक ताजं उदाहरण घ्या. टीपी-लिंकचा आर्चर सी७ वर्षानुवर्षं ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांचा लाडका. त्याचं दुसरं व्हर्जन घेतलं तर सगळं व्यवस्थित. पहिलं व्हर्जन हाती आलं तर त्याचा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ ओपनडब्ल्यूआरटीत चालतच नाही. आर्चर सी६ च्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये तर युरोपसाठीचं फर्मवेअर वेगळं आणि अमेरिकेसाठीचं वेगळं. म्हणून मॉडेलचं नाव म्हणजे आडनाव समजा. स्थळ बघताना आडनावावर कोणी थांबत नाही.

पहिली पायरी: घरात येणारी तार बघा

राउटर शोधण्याआधी आपल्या इंटरनेटवाल्याने काय बसवलंय ते बघा. फायबरची पिवळी किंवा काळी बारीक तार ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. बऱ्याच घरांत ओएनटी आणि वाय-फाय राउटर एकाच डब्यात असतात. तो डबा कंपनीचा, त्यावर फर्मवेअर चढवायच्या फंदात पडू नका. आपला राउटर त्याच्या मागे लावायचा.

इंटरनेटवाल्याला, म्हणजे बहुधा गल्लीतल्या केबलवाल्याच्या मुलाला, तीन प्रश्न विचारा. जोडणी पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन सुरू होणारी, आहे का, असेल तर नाव आणि पासवर्ड काय? व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेतल्या वेगवेगळ्या सेवा ओळखायचा, काही आकडा आहे का? मॅक अॅड्रेस बांधलेला आहे का, म्हणजे ठरावीक यंत्राच्या ओळख-क्रमांकालाच नेट मिळतं का? तिन्हींची उत्तरं कागदावर लिहून घ्या. पासवर्ड "आमच्याकडेच असतो" असं उत्तर आलं तर गोडीने पण नेटाने मागा. ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून मिळत असेल तर दुधात साखर, म्हणजे सगळा कारभार तुमच्या राउटरकडे येतो. नाही मिळालं तरी अडत नाही. कंपनीचा डबा तसाच ठेवा, त्याचं वाय-फाय बंद करा आणि त्याच्या लॅन पोर्टातून (घरातली यंत्रं जोडायचं पोर्ट) तार आपल्या राउटरच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट आत येण्याचं पोर्ट) घाला. याला दुहेरी नॅट म्हणतात, आणि रोजच्या वापरात ते जाणवत नाही. लँडलाइन फोन किंवा टीव्हीचा डबा कंपनीच्याच यंत्राला जोडलेला असेल तर हाच मार्ग बरा.

मग योजनेचा वेग बघा. १०० एमबीपीएसच्या वरची योजना असेल तर राउटरची पोर्टं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची, हवीत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेलं असतं आणि मागची पोर्टं १०० ची असतात, असे राउटर अजूनही विकतात. १२०० हा दोन्ही रेडिओंच्या कागदी वेगांची बेरीज असतो, तारेतून येणाऱ्या वेगाशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी पायरी: चिप कोणाची?

अँटेना मोजू नका, चिप विचारा. वाय-फायचा रेडिओ चालवायला ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर, लागतो आणि तो खुला नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी पांगळं होतं. मीडियाटेक आणि क्वालकॉम अथेरॉस या दोन घराण्यांचे खुले ड्रायव्हर लिनक्समध्ये आहेत. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपा मात्र टाळा. त्यांचे धड खुले ड्रायव्हर नाहीत. यंत्र चालू होतं, पोर्टं चालतात आणि वाय-फाय रुसून बसतं.

आज नवा राउटर घेत असाल तर मीडियाटेकच्या फिलॉजिक मालिकेकडे बघा. एमटी७९८१ आणि एमटी७९८६ ही दोन नावं लक्षात ठेवा. पहिलीत प्रोसेसरचे दोन गाभे (कोअर), दुसरीत चार. दोन्ही वाय-फाय ६ च्या आहेत आणि ओपनडब्ल्यूआरटीत चांगल्या रुळल्या आहेत. जुनी एमटी७६२१ अजून ठणठणीत आहे, पण ती वाय-फाय ६ च्या आधीच्या काळातली. वाय-फाय ७ चं आकर्षण नवख्याने तूर्त बाजूला ठेवावं. तिथे आधार अजून कोवळा आहे, पहिल्याच राउटरवर ती डोकेदुखी कशाला?

चिपचं नाव खोक्यावर सापडत नाही. ते कुठे सापडतं ते चौथ्या पायरीत.

तिसरी पायरी: मेमरी

इथे आकडे पाठ करून ठेवा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असेल तर फुकट मिळाला तरी नको. अशा यंत्रांसाठी अधिकृत फर्मवेअर बनणं कधीच थांबलंय. गंमत अशी की ज्याच्या नावावर सगळा संसार उभा आहे त्या डब्ल्यूआरटी५४जीवर आजचं ओपनडब्ल्यूआरटी मावतच नाही. ८ एमबी आणि ६४ एमबी ही जोडी आज कशीबशी रेटते, उद्याचं सांगवत नाही. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम हा माझ्या मते नव्या खरेदीचा उंबरठा. जमलं तर १२८ एमबी फ्लॅश आणि २५६ एमबी रॅम बघा.

फ्लॅश एवढी का लागते? मूळ प्रणाली दाबून बसवलेली असते आणि ती फक्त वाचता येते. तुम्ही केलेले बदल आणि नंतर चढवलेली पॅकेजं, म्हणजे जोडीची सॉफ्टवेअरं, उरलेल्या जागेत जातात. जागाच उरली नाही तर जाहिरातबंदीचं पॅकेज चढत नाही आणि तुम्ही म्हणता की ओपनडब्ल्यूआरटीत दम नाही. रॅमचं दुखणं वेगळं. जाहिरातींच्या लांबलचक याद्या रॅममध्ये भरल्या की कमी रॅमचा राउटर मध्यरात्री स्वतःच बंद-चालू व्हायला लागतो, आणि सकाळी घरातले तुमच्याकडे बघतात.

चौथी पायरी: यादीत शोधा, मगच पाकीट काढा

ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर यंत्रांची एक भलीमोठी सारणी आहे, टेबल ऑफ हार्डवेअर. मॉडेल टाका, व्हर्जन जुळवा. चिप, रॅम, फ्लॅश, पोर्टांचा वेग सगळं एका ओळीत दिसतं. ओळीवरून यंत्राच्या पानावर जा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, सध्याच्या स्थिर आवृत्तीत ते यंत्र आहे का? त्याच संकेतस्थळावरच्या फर्मवेअर सिलेक्टरमध्ये नाव टाकून बघा. तुमचं व्हर्जन तिथे दिसलं आणि स्थिर आवृत्तीची फाइल मिळाली तर आहे. फक्त स्नॅपशॉट मिळत असेल तर नवख्याने थांबावं. स्नॅपशॉट म्हणजे आजच्या दिवसाचं कच्चं काम, त्यात ब्राउझरमधून चालवायचं लुसी हे पानसुद्धा आपलं आपण चढवावं लागतं.

दुसरी, चढवायची रीत. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक हीच वाचत नाहीत. काही यंत्रांवर कंपनीच्याच अपडेटच्या पानावरून फाइल टाकली की काम झालं. काहींना आधी कंपनीच्या फर्मवेअरमधली फट वापरून आत शिरावं लागतं. शाओमीच्या बऱ्याच राउटरांची हीच कथा आहे, आणि ती फट नव्या अपडेटमध्ये बुजवलेली असू शकते. काहींचं तर कवच उघडून सर्किटवर तीन तारा जोडाव्या लागतात, याला सिरियल जोडणी म्हणतात. पानावर "सिरियल" हा शब्द चढवण्याच्या मुख्य रीतीतच दिसला तर तो राउटर दुसरा किंवा तिसरा म्हणून घ्या, पहिला नको.

तिसरी, मृत राउटर जिवंत करायची रीत. टीएफटीपीने, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने, परत आणता येतो असं लिहिलं असेल तर जीव भांड्यात पडतो.

हे तिन्ही जमलं की दुकानात जा आणि खोकं उलटं करा. टीपी-लिंकसारख्या कंपन्या खोक्यावरच्या लेबलावर व्हर्जन छापतात, त्यामुळे सील तोडावं लागत नाही. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला आधी विचारा, आणि आल्यावर आधी लेबल वाचा, मग सील तोडा. माझं नेमकं उलटं झालं होतं.

पाचवी पायरी: नेमका कोणता?

कमीत कमी कटकट हवी असेल तर जीएल-आयनेट. या कंपनीचे राउटर ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं फर्मवेअर घेऊनच येतात. वरून कंपनीचं सोपं पान, आत लुसी. बेरिल एएक्स, म्हणजे एमटी३०००, यात एमटी७९८१ चिप, ५१२ एमबी रॅम, २५६ एमबी फ्लॅश, आणि तो हाताच्या पंजात मावतो. दोन खोल्यांच्या घराला पुरतो. मोठ्या घराला आणि जास्त वेगाच्या योजनेला फ्लिंट २, म्हणजे एमटी६०००. त्यात एमटी७९८६, १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण आणि २.५ गिगाबिटची दोन पोर्टं. किंमत मात्र चटका देते. त्यांचा पिवळा चिमुकला मँगो प्रवासात झकास आहे, पण त्याला ५ गिगाहर्ट्झ नाही, घराचा मुख्य राउटर म्हणून तो घेऊ नये.

खिसा बघून घ्यायचं तर टीपी-लिंक आर्चर सी६ चं तिसरं व्हर्जन. एमटी७६२१, १६ एमबी आणि १२८ एमबी, गिगाबिट पोर्टं, आणि फाइल कंपनीच्या पानावरूनच चढते. जुन्या बाजारात आर्चर सी७ चं दुसरं किंवा पाचवं व्हर्जन चांगल्या अवस्थेत मिळालं तर सोडू नका. क्युडी ही कंपनी तिच्या काही राउटरांसाठी स्वतःच्या संकेतस्थळावर ओपनडब्ल्यूआरटीकडे नेणारी मधली फाइल देते. हा उमदेपणा मला आवडतो, पण तिथेही व्हर्जन जुळवूनच घ्या.

आणि ज्यांना मूळ झऱ्याचं पाणी हवंय त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी वन. प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर आखलेला आणि बनाना पायने घडवलेला हा राउटर नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. एमटी७९८१, १ जीबी रॅम, आणि दोन वेगवेगळ्या फ्लॅश. एकीचा बट्ट्याबोळ झाला तर मागचं बटण सरकवून दुसरीवरून उठवता येतो, म्हणजे मारून टाकायला फार कठीण. सुरुवातीची किंमत ८९ डॉलर होती, त्यातले १० प्रकल्पाला जातात. आपल्याकडे मागवायचा तर वर टपाल आणि सीमाशुल्क. लॅनचं पोर्ट एकच आहे, त्यामुळे सोबत एक स्विच लागतो.

तुमच्याकडे आधीच ब्रॉडकॉमवाला राउटर पडून असेल तर ओपनडब्ल्यूआरटीचा नाद सोडा. फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी त्यावर चालतं का बघा. आसूसचा असेल तर आसूसडब्ल्यूआरटी-मर्लिन. ते कंपनीच्याच फर्मवेअरवर डागडुजी करून बनवलेलं आहे, पूर्ण खुलं नाही, पण कामाचं आहे.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट: अॅडॉप्टर. वीज जाते तेव्हा ओएनटी आणि राउटर दोन्ही मिनी यूपीएसवर हवेत. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण कोणी १ अँपिअर मागतो तर कोणी २. यूपीएस तेवढा देतो का, पिन तीच आहे का, हे खरेदीआधीच बघा. बेरिल एएक्स ५ व्होल्ट टाइप-सीवर चालतो, त्याला १२ व्होल्टचा यूपीएस उपयोगाचा नाही. घर जाड भिंतींचं असेल, कोकणातल्या जांभ्याच्या घरासारखं, तर एका दणकट राउटरपेक्षा दोन साधे राउटर तारेने जोडून ठेवलेले केव्हाही बरे. जांभा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना भीक घालत नाही, गिळूनच टाकतो.

सहावी पायरी: चढवण्याचा दिवस

पुण्यात असाल तर गुरुवार टाळा. देखभालीसाठी वीज जाण्याचा तो दिवस, आणि फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही. घरात कोणाची ऑनलाइन मीटिंग नाही हेही विचारून घ्या. मी एकदा विचारलं नव्हतं. ती गोष्ट इथे नको.

तयारी अशी: लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप किंवा यूएसबीचं लॅन अॅडॉप्टर, एक चांगली केबल, राउटर यूपीएसवर. फाइली आधीच उतरवून घ्या, कारण नंतर नेट नसेल. ओपनडब्ल्यूआरटीची फाइल, कंपनीचं मूळ फर्मवेअर आणि यंत्राचं पान, तिन्ही लॅपटॉपवर ठेवा. फाइलीचा एसएचए२५६ आकडा, म्हणजे तिच्या बोटाचा ठसाच, संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. जुन्या राउटरच्या वॅनच्या पानाचा मोबाइलने फोटो काढा.

फाइली दोन तऱ्हेच्या असतात. फॅक्टरी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना लागणारी. सिसअपग्रेड म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीवरून पुढच्या ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना लागणारी. यांची अदलाबदल ही नवख्यांची नेहमीची चूक. यंत्राच्या पानावर वेगळं काही सांगितलं असेल तर तेच खरं.

वायरने जोडा, कंपनीच्या अपडेटच्या पानावर फॅक्टरी फाइल द्या आणि हात बाजूला घ्या. पाच मिनिटं काहीही करू नका. दिवे विझतील, लुकलुकतील, पुन्हा विझतील. रिसेट दाबायची जबरदस्त ऊर्मी येईल, ती आवरा. या वेळात चहा टाका. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. लुसीचं पान आलं की झालं. नाव रूट, पासवर्ड रिकामा. पहिलं काम पासवर्ड ठेवणं.

वाय-फाय दिसत नाही म्हणून घाबरू नका. बहुतेक यंत्रांवर ते सुरुवातीला बंदच असतं, कारण पासवर्डशिवाय उघडं वाय-फाय सोडणं शहाणपणाचं नाही. वायरलेसच्या पानावर आधी देश भारत करा. देशावरून कोणते चॅनल आणि किती ताकद ते ठरतं, आणि ताकद वाढवायला दुसऱ्या देशाचं नाव देणं नियमात बसत नाही. याच ताकदीच्या प्रश्नावरून अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये टीपी-लिंककडून दोन लाख डॉलर वसूल केले होते. त्याच तडजोडीत, बाहेरचं फर्मवेअर चालावं म्हणून ओपन सोर्सवाल्यांबरोबर काम करण्याचं कंपनीने कबूल केलं. २.४ गिगाहर्ट्झला चॅनल १, ६ किंवा ११ यांतला शेजाऱ्यांनी कमी वापरलेला घ्या. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ मधला चॅनल निवडला तर राउटर आधी किमान मिनिटभर रडार आहे का ते ऐकत बसतो, तोवर वाय-फायचं नाव दिसत नाही.

आता ज्या खड्ड्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो तो खड्डा. सगळं जोडलं, वॅनमध्ये तार घातली, तरी इंटरनेट नाही. कारण बहुतेक वेळा साधं असतं. कंपनीच्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ आणि तुमच्या राउटरचाही तोच. एकाच वाड्यात दोन घरांना एकच नंबर दिल्यासारखं, पोस्टमन गोंधळतो. लुसीत नेटवर्क, इंटरफेस, लॅन इथे जाऊन पत्ता १९२.१६८.२.१ करा, जतन करा, केबल काढून पुन्हा लावा आणि नव्या पत्त्यावर लगेच आत जा. लगेच अशासाठी, की नव्या पत्त्यावर दीड मिनिटात पोहोचला नाहीत तर लुसी बदल मागे घेते. ही सोय वाचवणारी आहे, पण पहिल्यांदा भूत असल्यासारखं वाटतं.

पीपीपीओई असेल तर वॅनचा प्रोटोकॉल बदला आणि कागदावरचं नाव-पासवर्ड घाला. ओएनटी ब्रिजमध्ये नसेल तर डीएचसीपी, म्हणजे पत्ता आपोआप घेण्याची रीत, तशीच राहू द्या.

अडखळणारे कॉल

मघाशी सांगितलेली गोष्ट ही. लुसी-अॅप-एसक्यूएम हे पॅकेज चढवा, एसक्यूएम म्हणजे रांगेची शहाणी व्यवस्था. घरातलं नेट "स्लो" वाटतं तेव्हा बऱ्याचदा वेग कमी नसतो, रांग लांब झालेली असते. एकाचा फोन गॅलरी वर चढवत असतो आणि दुसऱ्याच्या कॉलची चिमुकली पाकिटं त्या रांगेत मागे उभी राहतात. केक नावाची पद्धत रांगेत सगळ्यांना पाळीपाळीने पुढे सोडते. तारेने जोडून वेग मोजा, त्याच्या साधारण नव्वद टक्के आकडा एसक्यूएममध्ये घाला, क्यू डिसिप्लिन, म्हणजे रांगेची पद्धत, केक ठेवा. मोठी फाइल चढवत असताना कॉल करून बघा, फरक कानाला कळतो.

पण हे काम प्रोसेसर करतो. एमटी७६२१ ला ५०० एमबीपीएसच्या योजनेवर केक लावला तर ती दमते आणि वेग पडतो. फिलॉजिककडे बघा असं वर म्हटलं ते यासाठीही, वेगवान योजना असेल तर तेच घ्या. आणि एसक्यूएम लावलंत तर हार्डवेअर ऑफलोडिंग, म्हणजे प्रोसेसरला वगळून पाकिटं पुढे ढकलण्याची सोय, बंद ठेवा, दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

वीट झालीच तर

आधी फेलसेफ. राउटर चालू करताना दिवा भरभर लुकलुकायला लागला की बटण दाबा. यंत्र अगदी मूळ अवस्थेत उठतं आणि चुकलेली सेटिंग पुसता येते. तिथवरही उठत नसेल तर टीएफटीपी. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ ची रीत अशी, की लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, सांगितलेल्या नावाची फाइल टीएफटीपीवर ठेवायची आणि रिसेट दाबून धरून राउटर चालू करायचा. तो स्वतःच फाइल ओढून घेतो. दुसऱ्या यंत्रांचे पत्ते आणि नावं वेगळी असतात, ती त्यांच्या पानावर बघा. शेवटचा उपाय सिरियल. तो करायची वेळ आली तर ३.३ व्होल्टचंच अॅडॉप्टर वापरा, ५ व्होल्टने चिप जळते.

जुना राउटर भंगारात देऊ नका. त्याच्याच अॅडॉप्टरसकट कपाटात ठेवा, म्हणजे दुरुस्ती करताना घर नेटविना बसत नाही.

सगळं चालू झालं की लुसीच्या बॅकअपच्या पानावरून सेटिंग्जची फाइल उतरवून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली का बघा. आणि मार्कर घेऊन राउटर पुन्हा एकदा उलटा करा. व्हर्जनच्या स्टिकरशेजारी लिहा: १९२.१६८.२.१, फर्मवेअरची आवृत्ती, चढवल्याची तारीख. सहा महिन्यांनी यातलं काहीही आठवत नाही.